आपण जिंकलो! – एका फुटबॉल चाहत्याचे मनोगत

(इयत्ता ६ वी ते ८ वी, मराठी निबंधलेखन व इतिहास पूरक वाचन)



मनोगत हा निबंधाचा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. शेतकऱ्याचे मनोगत, पुस्तकाचे मनोगत, जुन्या झाडाचे मनोगत असे विषय परीक्षेत हमखास येतात. आज जरा वेगळं मनोगत वाचूया. हा माणूस खेळाडू नाही, कप्तान नाही, पंचही नाही. तो आहे मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणारा एक साधा चाहता. त्याच्या संघाने कप जिंकला आहे, आणि त्या रात्री त्याच्या मनात काय काय चाललं आहे, ते तो सांगतो आहे.

सामना खरा आहे. २९ जुलै १९११, शनिवार. ठिकाण कोलकाता. स्पर्धा आय.एफ.ए. शील्ड. अंतिम सामना मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. मनोगत सांगणारा कारकून मात्र आपण कल्पनेने उभा केला आहे. मनोगत लिहिताना हेच करायचं असतं. माणूस कल्पनेतला चालतो, पण त्याच्या भोवतीचा काळ खरा हवा.

आधी थोडी माहिती

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात झाली. तारीख वाचून गंमत वाटली ना? स्वातंत्र्यदिनाचीच तारीख, पण ५८ वर्षं आधीची! त्या काळी फुटबॉल हा प्रामुख्याने साहेबांचा खेळ होता. इंग्रज पलटणींचे संघ असत, इंग्रज व्यापाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे क्लब असत. आपल्या मुलांनी तो खेळ पाहून पाहून शिकून घेतला.

आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा १८९३ साली सुरू झाली. शील्ड म्हणजे ढाल. कपाऐवजी ढालीच्या आकाराचं बक्षीस, पण मान कपाचाच. सुरुवातीपासून १९१० पर्यंत एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. एखाद्या सामन्यात भारतीय संघाने गोऱ्यांना हरवलं असं पूर्वीही घडलं होतं. १८९२ मध्ये शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. मोहन बागाननेही १९०६, १९०७ आणि १९०८ असा सलग तीन वर्षं ट्रेड्स कप जिंकला होता. पण शील्ड ती शील्डच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९०५ मध्ये इंग्रज सरकारने बंगालची फाळणी केली होती. त्याविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली होती. लोकांच्या मनात राग होता. शिवाय ‘बंगाली माणूस म्हणजे नाजूक, लेखणी चालवणारा, लढाईला निरुपयोगी’ असं इंग्रज उघड बोलत आणि लिहीत. ही समजूत डोक्यात ठेवूनच पुढचं मनोगत वाचा.

मनोगत

रात्र बरीच झालीय. गल्लीत अजून शंख वाजताहेत. घसा पार बसलाय माझा. बायको म्हणते, गरम पाणी घ्या आणि झोपा. पण झोप येतेय कुणाला? म्हणून दिवा मोठा करून बसलोय.

मी एका इंग्रज कंपनीत कारकून आहे. दिवसभर खर्डेघाशी करायची, साहेब आला की उठून उभं राहायचं, साहेब गेला की बसायचं. चूक झाली की ऐकून घ्यायचं, आणि चूक नसली तरी ऐकून घ्यायचं. गेली अकरा वर्षं हेच करतोय. लाथ मारून चेंडू उडवणं मला लहानपणीही नीट जमलं नाही. पण मोहन बागानचा सामना असला की माझे पाय आपोआप मैदानाकडे वळतात.

या वर्षी शील्डला सुरुवात झाली तेव्हा कुणी फार आशा धरली नव्हती. पहिल्या सामन्यात सेंट झेवियर्सला ३-० हरवलं. ठीक, म्हटलं. मग रेंजर्सला २-१. मग रायफल ब्रिगेडला १-०. तेव्हा मात्र ऑफिसात कुजबूज सुरू झाली. रायफल ब्रिगेड म्हणजे काय खायचं काम आहे? उपान्त्य सामन्यात मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली आणि माझ्या काळजात धस्स झालं. वाटलं, झालं, आता पुन्हा खेळतील तेव्हा गोरे चिरडून टाकतील. पण दुसऱ्यांदा खेळले तेव्हा आपल्या पोरांनी ३-० असा निकाल लावला! त्या दिवसापासून शहरात दुसरा विषय नाही. ट्राममध्ये तेच, बाजारात तेच, घाटावर अंघोळ करतानाही तेच.

आज सकाळपासून मी आभाळाकडे बघत होतो. जुलै महिना, कधी सर येईल नेम नाही. आपली पोरं खेळणार अनवाणी. ओल्या चिखलात बूट घातलेला माणूस पाय रोवून उभा राहतो, अनवाणी माणूस घसरतो. अकरांपैकी फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट. बाकी दहा जणांचे पाय उघडे, आणि समोर पलटणीचे सोल्जर, जाड चामड्याचे बूट घातलेले. त्या बुटाखाली पाय सापडला तर बोटं मोडायची.

मैदानावर पोचलो तर माणसांचा समुद्र! बाहेरगावची माणसं आली होती. रेल्वेने खास गाडी सोडली होती म्हणे, नदीतून स्टीमरही भरभरून येत होते. माणसं झाडांवर चढली होती, पेट्यांवर उभी होती. मी दोन तास आधी जाऊनही पार मागे अडकलो. मला मैदान दिसत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. उद्या लोक विचारतील, गोल कसा झाला? मी छातीठोकपणे वर्णन करीन. पण खरं म्हणजे मला दिसत होत्या पुढच्यांच्या पाठी, आणि वर आकाशात पतंग.

हो, पतंग! गोल झाला की आकडा लिहिलेला पतंग वर चढवायचा, म्हणजे मागच्या हजारो लोकांना कळेल, अशी युक्ती कुणीतरी काढली होती. आम्ही मागचे लोक जिवाचा कान करून पुढच्यांचा आवाज ऐकत होतो आणि मान वर करून पतंग वाचत होतो.

मध्यांतरापर्यंत काहीच नाही. दुसऱ्या डावात अचानक पुढून ‘आऽऽ’ असा आवाज आला. आनंदाचा आवाज वेगळा असतो आणि दुखावल्याचा वेगळा. न बघता कळलं. जॅक्सनने गोल केला होता. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मला एकदम ऑफिसातली माझी खुर्ची आठवली. सोमवारी साहेब हसणार. काही बोलणार नाही, नुसता हसणार. तेच जास्त लागतं.

पण आमचा कप्तान शिवदास भादुरी! अंगाने किरकोळ, पण पायात चेंडू आला की पाऱ्यासारखा. इकडून गेला म्हणेपर्यंत तिकडून निघतो. थोड्याच वेळात त्याने बरोबरी केली. पुढून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. आणि मग, सामना संपायला अगदी थोडा वेळ उरला असताना, शिवदासने बचाव फोडत चेंडू पुढे नेला. लोकांना वाटलं तोच मारणार. त्याने चेंडू दिला अभिलाष घोषला. आणि अभिलाषने काम फत्ते केलं. २-१!

त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही. छत्र्या उडाल्या, चपला उडाल्या, चादरी उडाल्या. माझी एक चप्पल तिथेच राहिली. घरी परत आलो तो एका पायाने अनवाणी! माझ्या ऑफिसात शेजारच्या मेजावर बसणारे एक मुसलमान गृहस्थ आहेत. एरवी आमचं बोलणं कामापुरतं. आज गर्दीत ते समोर आले आणि आम्ही दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडत होतो. दोघांनाही लाज वाटली नाही.

आता रात्री शांतपणे बसल्यावर मनात वेगळे विचार येताहेत.

मी दिवसभर ओरडतोय, ‘आपण जिंकलो, आपण जिंकलो!’ मी कुठे जिंकलो? खेळले ते अकरा. पाय त्यांचे सोलवटले. मी नुसता मागे उभा होतो, तेही न दिसणाऱ्या जागी. मग माझा ऊर का भरून आला? अभिलाषने गोल केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी का आलं?

मला वाटतं, हरण्याची सवय आम्ही सगळ्यांनी मिळून लावून घेतली होती. ते अकरा जण एकटे थोडेच हरत होते? साहेबासमोर उठून उभा राहणारा मीही रोज थोडा थोडा हरत होतो. मग जिंकताना वाटणी मागितली तर काय चुकलं?

दुसरा विचार असा. हा खेळ त्यांचा. नियम त्यांचे. शील्ड त्यांची. मैदान त्यांचं, पंच त्यांचा. सगळं त्यांचं असूनही, नियम न मोडता, कुणाला न मारता, उघड्या मैदानात आपली पोरं जिंकली. म्हणजे ‘यांना जमणार नाही’ हे जे आम्हाला सांगितलं जात होतं ते खोटं होतं. आणि वाईट म्हणजे, ते आम्ही थोडंफार खरं मानून बसलो होतो.

तिसरा विचार जरा कडू आहे. सोमवारी मी पुन्हा त्याच ऑफिसात जाणार. साहेब आला की उठून उभा राहणार. पगार तोच. राज्य त्यांचंच. एका सामन्याने राज्य जात नसतं, एवढं मला कळतं. बायकोनेही हेच विचारलं, ‘इतकं नाचताय, उद्या काय बदलणार?’ मला उत्तर सुचलं नाही.

आता सुचतंय. उठून उभा राहीन, पण आतून वाकलेला नसेन. एवढंच बदलेल. लहान गोष्ट आहे. पण अकरा वर्षांत ती कधी झाली नव्हती.

सोमवारी दोन्ही पायांत चपला पाहिजेत, म्हणजे उद्या नवा जोड घ्यायला हवा. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ते अकरा जण

गोलरक्षक हीरालाल मुखर्जी. बचावाला भूती सुकुल आणि सुधीर चॅटर्जी. मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता आणि नीलमाधव भट्टाचार्य. आघाडीला कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी आणि कप्तान शिवदास भादुरी. विजयदास आणि शिवदास हे सख्खे भाऊ. नावं पाठ करायची गरज नाही, पण एकदा मोठ्याने वाचा. आघाडीला पाच जण आहेत हे लक्षात आलं का? त्या काळी संघाची रचना अशीच असे : दोन, तीन आणि पाच. आजच्या संघांशी तुलना करून बघा.

यातलं कुणीही खेळून पोट भरणारं नव्हतं. कुणी नोकरी करत होतं, कुणी शिकत होतं. सुधीर चॅटर्जी तर शिक्षकी पेशातले. (आम्हा शिक्षकांना हे वाचून बरं वाटतं, बरं का!)

खरं काय, ऐकीव काय?

मुलांनो, मोठ्या विजयाभोवती गोष्टी जमतात. गुळाला मुंगळे चिकटावेत तशा. म्हणून असा विषय अभ्यासताना तीन रकाने करावेत.

पहिला रकाना – पक्की माहिती. सामन्याची तारीख, २-१ हा निकाल, गोल करणारे खेळाडू, दहा जण अनवाणी खेळले हे सगळं नोंदलेलं आहे. इंग्रजी वृत्तपत्रांनीही या विजयाचं कौतुक केलं. ‘द मुसलमान’ या साप्ताहिकाने मुसलमान खेळाडूंना आपल्या हिंदू बांधवांच्या विजयाने किती आनंद झाला, याचं वर्णन केलं. म्हणूनच आपल्या मनोगतात ती मिठी आली आहे.

दुसरा रकाना – ऐकीव गोष्ट. असं सांगतात की सामन्यानंतर कुणीतरी फोर्ट विल्यम किल्ल्यावरच्या इंग्रजी झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे झालं, पण ते कधी उतरणार?’ त्यावर उत्तर मिळालं, ‘मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा.’ आता गंमत बघा. मोहन बागानने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ साली! गोष्ट ऐकायला फार छान आहे. पण ती नंतर रचली गेली असण्याचीच शक्यता जास्त. सांगताना ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द लावायला विसरू नका. त्या दोन शब्दांनी आपला प्रामाणिकपणा राहतो.

तिसरा रकाना – चुकीचा निष्कर्ष. काही ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की हा पराभव इंग्रजांना इतका झोंबला की त्यांनी राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवली. राजधानी हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात झाली, हे खरं आहे. त्याच वेळी बंगालची फाळणीही रद्द झाली, हेही खरं आहे. पण त्यामागे कित्येक वर्षांचं आंदोलन होतं आणि राज्यकारभाराची कारणं होती. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, पण कोंबड्यामुळे उगवत नाही ना? तसंच हे.

मग या सामन्याचं महत्त्व कमी होतं का? अजिबात नाही. उलट, खोटी महती काढून टाकली की खरी महती स्वच्छ दिसते. सामन्याने राज्य बदललं नाही. त्याने लोकांना स्वतःबद्दल काय वाटतं ते बदललं. आपल्या कारकुनाने शेवटी जे सांगितलं ते हेच.

पुढे काय झालं?

भारतीय संघाला पुन्हा शील्ड जिंकायला २५ वर्षं लागली. १९३६ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली. म्हणजे १९११ नंतर लगेच सगळं सोपं झालं असं नाही. एक दार उघडतं, पण जिना चढावाच लागतो.

या गोष्टीचा आपल्या महाराष्ट्राशीही धागा आहे. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जाई. १९२३ मध्ये मोहन बागान तिथे खेळायला आला आणि थेट अंतिम फेरीत पोचला. तिथे मात्र डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हार पत्करावी लागली. रोव्हर्स कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला तो १९३७ मध्ये, आणि तो संघ होता बेंगळुरूचा ‘बंगलोर मुस्लिम्स’.

आणि अनवाणी पायांचं काय झालं? १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले. फ्रान्सशी १-२ असा निसटता पराभव झाला, पण लंडनच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, ‘पाय दुखत नसतील का हो?’ दुखत असणारच. पण ज्याने लहानपणापासून अनवाणीच चेंडू खेळला, त्याला बुटात चेंडूचा अंदाज येत नाही. बूट न घालणं ही गरिबी होती आणि सवयही होती. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आज २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो. क्लबच्या शताब्दीनिमित्त १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीटही काढलं.

तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरचं असेल तर त्याला चाहता म्हणजे काय हे शिकवायला नको. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि संघ हरला की त्या रात्री न जेवणारी घरातली मोठी माणसं! बाकीच्यांनी क्रिकेटचा सामना आठवावा. भावना तीच.

भाषेकडे बघूया : ‘आपण’ आणि ‘आम्ही’

आपल्या मराठीत एक सुंदर सोय आहे. इंग्रजीत एकाच शब्दात जे सांगतात त्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत.

‘आम्ही जिंकलो’ म्हणजे मी आणि माझी माणसं जिंकलो. ऐकणारा त्यात नाही.
‘आपण जिंकलो’ म्हणजे मी, माझी माणसं आणि ऐकणारा तूसुद्धा. सगळे.

आता मनोगत पुन्हा वाचा. कारकून ‘आपण जिंकलो’ म्हणतो, ‘आपली पोरं’ म्हणतो. पण मागे अडकलेल्या प्रेक्षकांबद्दल सांगताना ‘आम्ही मागचे लोक’ म्हणतो. का बरं? कारण तिथे ऐकणारा त्याच्याबरोबर नव्हता. एका शब्दाने आपण कुणाला आत घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, हे ठरतं. रोजच्या बोलण्यातही बघा. ‘आमच्या शाळेत’ आणि ‘आपल्या शाळेत’ यात किती फरक आहे! वर्गात नवीन मुलगी आली तर तिच्याशी बोलताना यातला कोणता शब्द वापराल?

एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘आपण जिंकलो’ म्हणणारा चाहता हरल्यावर ‘ते हरले’ म्हणू लागला, तर तो खरा चाहता नव्हे. जिंकल्यावर ‘आपण’ आणि हरल्यावर ‘ते’ असं चालत नाही. एकदा ‘आपण’ म्हटलं की दोन्ही वेळा ‘आपण’च.

शब्दार्थ

शील्ड – ढालीच्या आकाराचं पारितोषिक
खर्डेघाशी – कचेरीतलं कंटाळवाणं लेखनकाम
अनवाणी – पायात काही न घालता
उपान्त्य सामना – अंतिम सामन्याच्या आधीचा सामना
पलटण – सैन्याची तुकडी
किरकोळ – (अंगाने) बारीक, सडपातळ

वाक्प्रचार

जिवाचा कान करणे – अतिशय लक्ष देऊन ऐकणे
काळजात धस्स होणे – एकदम भीती वाटणे
ऊर भरून येणे – भावना दाटून येणे
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे
काम फत्ते करणे – काम यशस्वीपणे पूर्ण करणे

यातले कोणतेही तीन वाक्प्रचार वापरून स्वतःची वाक्यं करा. सामन्याबद्दलचीच वाक्यं नकोत. घर, शेत, बाजार, कुठलीही चालतील.

मनोगत लिहिताना लक्षात ठेवा

१. ‘मी’ हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहिला पाहिजे. मध्येच ‘तो’ होऊ देऊ नका.
२. ‘मी’ला जे दिसू शकतं तेवढंच लिहा. आपल्या कारकुनाला मैदान दिसत नव्हतं, म्हणून त्याने आवाज आणि पतंग यांच्याबद्दल सांगितलं.
३. नुसता ‘मला खूप आनंद झाला’ असं लिहू नका. आनंदात माणूस काय करतो ते लिहा. चप्पल हरवली, घसा बसला, मिठी मारली.
४. मनात एखादा न सुटणारा प्रश्न येऊ द्या. खऱ्या माणसाच्या मनात असे प्रश्न असतातच.
५. शेवटी उपदेश कोंबू नका. माणूस स्वतःशी बोलताना भाषण देत नाही.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोहन बागान क्लबची स्थापना कधी झाली?
(आ) अंतिम सामन्यात पहिला गोल कोणी केला?
(इ) मागच्या प्रेक्षकांना गोल झाल्याचे कसे कळत होते?
(ई) १९११ नंतर शील्ड जिंकणारा पुढचा भारतीय संघ कोणता?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘मी कुठे जिंकलो?’ असा प्रश्न कारकुनाला का पडला? त्याने स्वतःला काय उत्तर दिले?
(आ) बायकोच्या ‘उद्या काय बदलणार?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला पटते का? का?
(इ) ‘राजधानी या सामन्यामुळे हलवली’ हे म्हणणे का चुकीचे आहे?

प्र. ३. पुढील विधाने तीन रकान्यांत मांडा : पक्की माहिती, ऐकीव गोष्ट, चुकीचा निष्कर्ष.
(अ) सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले.
(आ) झेंडा कधी उतरणार, असे कुणीतरी विचारले.
(इ) फुटबॉलच्या विजयामुळे बंगालची फाळणी रद्द झाली.
(ई) मोहन बागानने १९४७ मध्ये पुन्हा शील्ड जिंकली.

उपक्रम

१. तुमच्या गावातला, तालुक्यातला किंवा शाळेतला एखादा गाजलेला सामना शोधा. कबड्डी, खो-खो, कुस्ती, काहीही चालेल. तो पाहिलेल्या दोन वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारा आणि दोघांचं सांगणं लिहून घ्या. कुठे जुळतं, कुठे वेगळं पडतं ते अधोरेखित करा. (दोघं वेगवेगळं सांगतील याची तयारी ठेवा!)

२. त्या दिवशी मैदानावर आणखी अकरा जण होते, जे हरले. घरापासून हजारो मैल दूर आलेले, पलटणीतले साधे सैनिक. त्यांच्यापैकी एकजण रात्री आपल्या बराकीत बसला आहे. बाहेरून शंखांचे आवाज येत आहेत. त्याचे मनोगत पंधरा ओळींत लिहा. त्याला वाईट माणूस करू नका. त्यालाही आई आहे आणि तोही आज मनापासून खेळला आहे, हे लक्षात ठेवून लिहा.

दुसरा उपक्रम अवघड वाटेल, पण आधी तोच करून बघा. वह्या शनिवारी आणा. वर्गात मोठ्याने वाचूया.